लाल पेनाची जात : 'अशुद्ध' मराठीचा इतिहास आणि वर्गातले शिक्षक

शाळेत गणित चुकतं. भूगोलाचं उत्तर चुकतं. चित्र बिघडतं. पण 'अशुद्ध' होते ती फक्त भाषा. 'शुद्ध लिही', 'अशुद्ध बोलू नकोस', 'शुद्धलेखन सुधार' हे शब्द आपण इतके ऐकलेत की त्यांचं वजन जाणवेनासं झालं आहे. शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावर ऐकावे लागले होते, देवळाच्या पायरीवर ऐकावे लागले होते. तिथून ते हटवायला चवदार तळ्याचा आणि काळाराम मंदिराचा लढा करावा लागला. वर्गातल्या फळ्यावर मात्र ते अजून तसेच आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांचं नावसुद्धा 'लेखनविषयक नियम' असं साधं आहे. त्याला 'शुद्ध' हा शब्द चिकटवला तो आपण, रोजच्या वापरात.

मावळात आणि लोणावळ्यात वस्तीवरच्या मुलांसोबत काम करताना शिक्षकांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. मुलं वहीत बोलतात तसं लिहितात. निबंधात 'व्हतं', 'आनि', 'लय' येतं. आता तर मोबाईलवरची भाषाही येते : 'राडा', 'भावा', 'विषय हार्ड'. याचं काय करायचं? बहुतेक शिक्षक दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण पानभर लाल रेघा मारून वही परत देतात. काही जण 'या पोरांकडून एवढंच व्हायचं' म्हणून सोडून देतात. पहिला मार्ग मुलाला गप्प करतो. दुसरा त्याला मागे ठेवतो. दोन्हींत नुकसान आपल्याच लेकरांचं होतं. तिसरा मार्ग आहे, पण तो समजायला हा लाल पेन शिक्षकाच्या हातात कसा आला ते पाहावं लागेल.

'भाषा बिघडवतात' ही तक्रार जुनी आहे

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, उत्तम वाणीचे दोन भिक्खू, सख्खे भाऊ, भगवान बुद्धांकडे तक्रार घेऊन येतात. संघात वेगवेगळ्या गोत्रांचे, वेगवेगळ्या जातींचे लोक आले आहेत आणि ते आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवत आहेत, असं त्यांचं म्हणणं. मग उपाय काय? बुद्धवचन छंदसात, म्हणजे वेदांच्या वळणाच्या भाषेत, बसवून टाकावं. बुद्धांनी त्या दोघांची कानउघाडणी केली, तसं करायला मनाई केली आणि धम्म आपापल्या बोलीत शिकायला परवानगी दिली. त्या परवानगीच्या नेमक्या अर्थावर पुढे टीकाकारांनी आणि अभ्यासकांनी वाद घातले. तक्रारीचा सूर मात्र आजच्या शिक्षकखोलीत जसाच्या तसा ऐकू येतो : खालचे लोक आले आणि भाषा बिघडली.

याचा पुरावा आपल्या मावळात दगडावर कोरलेला आहे. कार्ला, भाजे, बेडसे ही लेणी आपण सहलीला जाऊन पाहतो. तिथले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लिपीतले लेख प्राकृतात, म्हणजे लोकभाषेत आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाला दान देणाऱ्यांमध्ये अत्तर विकणारा गंधिक आहे, सुतार आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत. राजसत्तेच्या माणसांनी दिलेल्या दानाचे लेखही प्राकृतातच आहेत. म्हणजे सुतार आणि सत्ताधारी यांची नावं एकाच लेण्यात, एकाच प्रकारच्या भाषेत कोरली गेली. कार्ल्याच्याच एका सातवाहनकालीन लेखात 'मामाल' हे प्रदेशाचं नाव येतं आणि तेच आजचं मावळ असं अभ्यासक मानतात. मावळाचा हा इतका जुना लेखी उल्लेख लोकांच्या भाषेतला आहे. उलट संस्कृत नाटकांत राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलतात, बहुतेक स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलतात. तोंड उघडताच माणसाची पायरी कळावी, अशी ती व्यवस्था.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते आणि मावळातून वाहत देहूला जाते. शूद्र असून लोकांच्या भाषेत धर्म सांगतो म्हणून तुकोबांना त्यांच्या वह्या याच नदीत बुडवायला लावल्या, असं परंपरा सांगते. वहीत काय लिहिलंय यापेक्षा कुणी आणि कोणत्या भाषेत लिहिलंय याची शिक्षा देण्याची ही रीत आपल्याच नदीकाठची आहे.

पाठ्यपुस्तकाची मराठी कुणाची?

आजची प्रमाण मराठी इंग्रजी अमलात, छापखान्याबरोबर आणि शाळाखात्याबरोबर घडली. १८२९ साली शास्त्रीमंडळाचा कोश निघाला. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आला. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण प्रसिद्ध झालं. पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर मेजर कँडींचा आणि त्यांच्या हाताखालच्या शास्त्रीमंडळींचा हात फिरत होता. हे सगळे दुष्ट होते असं मला म्हणायचं नाही. दादोबा तर जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेच्या संस्थापकांपैकी होते. पुस्तकं छापायची, शाळा चालवायच्या, तर लेखनाची काहीतरी एक रीत ठरवावी लागते, हेही खरं. प्रश्न एवढाच की ती ठरवताना विचारलं कुणाला? पुण्याच्या शिकलेल्या ब्राह्मण घरातली बोली 'मराठी' झाली आणि बाकीच्यांच्या बोली 'ग्राम्य' झाल्या. कुणबी, माळी, महार, मांग, ठाकर, कातकरी, कोळी यांच्या घरातलं बोलणं म्हणजे दुरुस्त करायची गोष्ट ठरली.

याच काळात दोन घटना घडल्या, एकाच वर्षी, १८५५ साली. पहिली : जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं. त्यात कुणबी नवरा-बायको आहेत, त्यांना फसवणारा जोशी आहे आणि सगळे रोजच्या बोलीत बोलतात. कमिटीने ते नाटक घेतलं नाही.

दुसरी घटना प्रत्येक मराठी शिक्षकाला ठाऊक असायला हवी. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात फेब्रुवारी-मार्च १८५५ मध्ये छापून आला. लक्षात घ्या, हा शाळेतला निबंध होता. आज ज्याला आपण 'स्वाध्याय' म्हणतो तसा. त्यात ती पोरगी विचारते की वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता? तिच्या लिहिण्यात राग आहे, टोमणा आहे, वस्तीवरचं जगणं आहे. तिच्या शिक्षकांनी तो राग खोडून काढला नाही. तिच्या हाती लेखणी दिली, पण तिच्या तोंडचे शब्द काढून घेतले नाहीत. म्हणून पावणेदोनशे वर्षांनंतरही तो निबंध जिवंत आहे.

आता याच्या समोर विष्णुशास्त्री चिपळूणकर ठेवा. १८७३ साली 'गुलामगिरी' आली, सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७४ पासून 'निबंधमाला' सुरू झाली आणि तिच्यात शास्त्रीबुवांनी जोतीरावांच्या भाषेची, व्याकरणाची टर उडवली. फुल्यांचा मुद्दा होता शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा, भटशाहीचा. त्याला उत्तर मिळालं विभक्ती-प्रत्ययांचं. विचाराला उत्तर देता येत नसलं की भाषेच्या चुका काढायच्या, ही युक्ती तेव्हापासून चालत आली आहे. आजही फेसबुकवर आरक्षणाच्या वादात आपल्या पोराने नेमका मुद्दा मांडला की समोरून पहिलं उत्तर येतं, 'आधी मराठी नीट लिहायला शिका.'

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात या दुखण्याचं मूळ दाखवलं आहे. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत. शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, जे त्या मुलांमध्ये मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाची भाषा ज्याला परकी वाटत नाही, असा शिक्षक ते मागत होते.

कालची चूक, आजचा नियम

'पण नियम म्हणजे नियम' असं म्हणणाऱ्यांनी हे नियमच एकदा पाहावेत. १९६२ पूर्वी 'नाहीं', 'कांहीं' असं लिहिलं जायचं. त्या अनुस्वारांचा उच्चार कुणी करत नव्हतं, पण ते दिले नाहीत तर चूक धरली जायची. १९६२ साली महामंडळाचे चौदा नियम आले, शासनाने ते मान्य केले आणि ते अनुस्वार गेले. १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. म्हणजे ज्या मुलाने 'नाही' लिहिल्याबद्दल छडी खाल्ली, त्याच्या धाकट्या भावाला 'नाहीं' लिहिल्याबद्दल गुण कापून मिळाले असतील. भाषा तीच, माणसं तीच, फक्त एका मंडळाचा ठराव बदलला. जुने उतारे मूळ लेखनाप्रमाणे कुठपर्यंत छापायचे, याची गद्यातली सीमारेषा या नियमांनी कुणाच्या नावाने आखली? विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या.

ऱ्हस्व-दीर्घाचा नियम पाहा. तत्सम शब्दांतले इकार-उकार संस्कृतात असतील तसे लिहायचे, अपवाद शेवटच्या अक्षराचा. म्हणजे 'परीक्षा'तला 'री' दीर्घ का आणि 'परिणाम'मधला 'रि' ऱ्हस्व का, हे कळायला मुलाला संस्कृत माहीत असायला हवं किंवा घरात पुस्तकांचं कपाट हवं. खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, पर्शियन घ्यावी लागली. जी विद्या आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या नाकारली, तिच्याच मापाने आपल्या मुलांची वही मोजली जाते.

आणि तो 'पानी-पाणी'चा वाद. 'न' म्हटला की माणूस खालचा आणि 'ण' म्हटला की वरचा, ही परीक्षा महाराष्ट्रात सगळीकडे चालते. आता व्युत्पत्ती बघा. संस्कृत शब्द आहे 'पानीय'. त्यात 'न'च आहे. प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि मराठीत 'पाणी' आलं. संस्कृत शुद्ध मानायचं तर वस्तीवरचं 'पानी' शुद्ध ठरतं. 'पाणी' शुद्ध मानायचं तर सामान्य लोकांच्या प्राकृताने संस्कृताचा केलेला बदल शुद्ध ठरतो. कोणत्याही बाजूने धरा, बोट त्या अक्षरावर थांबत नाही. ते बोलणाऱ्याच्या जातीकडे वळतं.

हा लेख मी 'केलं, झालं, असं' अशा रूपांत लिहितो आहे. काटेकोर लेखी रूपं 'केले, झाले, असे' अशी आहेत. तरी मला कुणी अशुद्ध म्हणणार नाही, कारण ही शहरी शिकलेल्या माणसाची बोली आहे आणि संवादांसाठी तिला नियमांनीच जागा दिली. 'व्हतं'ला ती जागा मिळाली नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू याला भाषिक भांडवल म्हणतो : ज्याच्या घरची भाषा शाळेची भाषा असते, तो पहिल्या दिवशीच भांडवल घेऊन येतो आणि शाळा त्यालाच 'हुशारी' म्हणते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच दिवशी पाली आणि प्राकृतलाही मिळाला. मराठीच्या प्राचीनतेचे पुरावे देताना लेण्यांतले प्राकृत शिलालेख पुढे केले गेले. अभिजात ठरायला लोकांची बोली चालते. मग त्या लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाची बोली वहीत का चालत नाही?

तेच शब्द वहीत लाल, पुस्तकात थोर

आपल्या साहित्याने या प्रश्नाचं उत्तर कधीच दिलं आहे. अण्णाभाऊ साठे शाळेत टिकले नाहीत, शाळेने त्यांना टिकू दिलं नाही. त्यांनी 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. पांढरपेशा वाचकाला ठाऊक नसलेले कामाठीपुऱ्याचे शब्द त्याने थेट कवितेत आणले. ज्याला आपण आज स्लँग म्हणतो ती भाषा तिथे एका अख्ख्या वस्तीची साक्ष झाली.

मला सगळ्यात जास्त शिकवून जातात त्या शांताबाई कांबळे. त्या पेशाने प्राथमिक शिक्षिका. आयुष्यभर मुलांना लिहायला शिकवलं, त्यामुळे 'जन्म' कसा लिहितात हे त्यांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. तरी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला त्यांनी नाव दिलं 'माझ्या जल्माची चित्तरकथा'. विद्यापीठात या पुस्तकावर चर्चा होतात. हाच 'जल्म' चौथीतल्या मुलीने निबंधात लिहिला तर त्याभोवती लाल गोल पडतो. शांताबाईंना दोन्ही भाषा येत होत्या आणि कुठे कोणती वापरायची हे त्या स्वतः ठरवत होत्या. आपल्या मुलांना नेमकं हेच यायला हवं.

ॲन आर्बरचा निकाल

दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, म्हणून तिथलीही एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याच नावाची एक प्राथमिक शाळा होती. तिथल्या गरीब काळ्या मुलांना घरच्या इंग्रजीमुळे मंद, शिकायला अक्षम असं समजलं जात होतं. पालक कोर्टात गेले. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने साक्ष दिली की या मुलांच्या बोलीला स्वतःचे पक्के नियम आहेत, ती तुटकी इंग्रजी नाही. १९७९ साली न्यायाधीशांनी निकाल दिला : मुलांची बोली हा अडथळा नाही, त्या बोलीकडे पाहण्याची शिक्षकांची नजर हा अडथळा ठरू शकतो. म्हणून शाळा मंडळाने शिक्षकांना ती बोली ओळखायला शिकवावं आणि तिच्या आधाराने मुलांना प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावं. बोली शिकायची होती शिक्षकांनी आणि प्रमाण इंग्रजी शिकायची होती मुलांनी. कोर्टाने यातलं कुणालाच सोडलं नाही.

मग वर्गात करायचं काय?

समजा, चौथीच्या मुलाने इतिहासाच्या उत्तरात लिहिलं : 'मावळे रातच्याला कडा चढले आनि गडावर लय राडा झाला.' लाल पेन हातात घेण्याआधी शिक्षकाने या वाक्यात तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात.

पहिली गोष्ट, विचार. रात्र होती, कडा चढले, मग लढाई झाली. क्रम बरोबर, माहिती बरोबर. इतिहासाचे गुण पूर्ण द्या. इतिहासाच्या पेपरात भाषेची शिक्षा नको.

दुसरी गोष्ट, बोली. 'रातच्याला', 'आनि', 'लय' ही या मातीची बोली आहे, कदाचित ते मावळेही अशाच वळणाचं बोलत असतील. यावर काट मारू नका. वहीत दोन रकाने करा : 'घरी म्हणतो' आणि 'परीक्षेत लिहितो'. 'लय – खूप', 'व्हतं – होतं', 'आनि – आणि'. मुलालाच भरू द्या. बदलीवर आलेल्या शिक्षकालाही यातून शिकायला मिळेल. मावळ हा भाताचा मुलूख आहे. राब, खाचर, आवणी हे शब्द इथल्या आजीला येतात, कदाचित गुरुजींना येत नाहीत. ठाकर आणि कातकरी मुलांच्या बाबतीत तर हे अंतर आणखी मोठं, तिथे शिक्षकाने आधी ऐकायला बसावं लागेल.

तिसरी गोष्ट, 'राडा'. ही नवी, चलनातली भाषा. लोणावळ्याच्या मुलाच्या तोंडी रेल्वे वसाहत, चिक्कीची दुकानं, हॉटेलं, पर्यटकांची हिंदी आणि मोबाईल हे सगळं एकत्र आलेलं असतं. इथे 'घाण भाषा' म्हणून ओरडू नका. प्रश्न विचारा : राडा म्हणजे गोंधळ, हाणामारी. मावळ्यांनी आखणी करून हल्ला केला, मग त्याला राडा म्हणायचं का? मूल स्वतःच 'चकमक' किंवा 'लढाई' या शब्दापर्यंत येईल आणि प्रमाण शब्द का हवा हेही त्याला कळेल. मित्राला पाठवायचा निरोप आणि ग्रामसेवकाला द्यायचा अर्ज एकाच दिवशी लिहायला लावा. भाषा माणूस पाहून बदलते हे कुठल्याही नियमापेक्षा यातून लवकर समजतं.

एका ठिकाणी मात्र शिक्षकाने थांबवलंच पाहिजे. स्लँगमध्ये जातही असते आणि बाईचा अपमानही असतो. जातीच्या नावाने हाक मारणं, 'कोटावाला' म्हणून हसणं, आईबहिणीवरून विनोद करणं, याला 'पोरांची भाषा' म्हणून सूट नाही. 'व्हतं' लिहिणाऱ्यावर संतापणारे कितीतरी जण हे ऐकून हसतात. कोणती भाषा खरंच घाण आहे, हे वर्गात बोललं गेलं पाहिजे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळाला बंदी करतं. बोलीवरून वर्गासमोर नक्कल करणं, टोपणनाव पाडणं हा मानसिक छळच आहे. कलम २९ म्हणतं की मूल भीतीमुक्त असावं, त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं आणि शक्य तिथवर शिक्षण मातृभाषेत असावं.

प्रमाण भाषा सोडायची नाही

आपल्यातले काही तरुण म्हणतात, प्रमाण भाषा ब्राह्मणी आहे, तर ती शिकायचीच कशाला? मित्रांनो, हा सापळा आहे. स्पर्धा परीक्षेचा पेपर, कोर्टातला अर्ज, माहिती अधिकाराचं पत्र, पोलीस ठाण्यातली फिर्याद, वर्तमानपत्रातला लेख, हे सगळं प्रमाण भाषेत चालतं. फिर्यादीत एक शब्द ढिला पडला तर ॲट्रॉसिटीची केस ढिली पडते. बाबासाहेबांनी परकी इंग्रजी अशी कमावली की तिच्यात देशाच्या राज्यघटनेचा मसुदा घडवला. तरी लोकांशी बोलायला 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीतच काढले. शिकायचं ते असं. प्रमाण भाषा कुणाच्या बापाची नाही. ती आपल्या घामाच्या पैशातून चालणाऱ्या शाळेत शिकवली जाते आणि ती पूर्ण मिळणं हा आपला हक्क आहे. फक्त ती मिळवण्यासाठी मुलाला आपल्या आईच्या बोलीची लाज विकत घ्यावी लागू नये.

जे कार्यकर्ते वस्त्यांवर अभ्यासिका चालवतात त्यांनी हे काम शिक्षकांवरच सोडू नये. अभ्यासिकेच्या भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात, त्यांना मुलांच्या वह्या पाहायला सांगा आणि गुण कशासाठी कापले ते विचारायला शिकवा. चांगले शिक्षक मावळातही आहेत, ते एकटे पडलेले असतात, त्यांच्या पाठीशी उभे राहा. आणि ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, नुसती भाषणं करण्यापेक्षा मुक्ता साळवेचा निबंध मुलांना मोठ्याने वाचायला द्या. मग त्यांना सांगा, आता तुमच्या वस्तीबद्दल लिहा, जसं बोलता तसं लिहा. पहिला खर्डा त्यांच्या बोलीत होऊ द्या. दुसरा खर्डा प्रमाण भाषेत त्यांच्याकडूनच करून घ्या. दोन्ही खर्डे जपून ठेवा, एकही फेकू नका.

जय भीम!